काताकाना वाचता आलं की जपानमध्ये भागतं का?

प्रश्न असा आला आहे: नवऱ्याची बदली नागोयाला झाली आहे, चार महिन्यांनी मुलीला घेऊन तिकडे जायचं आहे. एन-फाइव्हचा, म्हणजे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतल्या सगळ्यात खालच्या पातळीचा, वर्ग करून झालाय, हिरागाना-काताकाना या दोन जपानी लिप्या (काताकाना मुख्यतः परक्या शब्दांसाठी) वाचता येतात, पण शब्द डोक्यात राहत नाहीत. ओळखीचे लोक म्हणतात, ‘जपानीत निम्मे शब्द इंग्रजीच आहेत, काताकाना येतंय ना, मग झालं!’ हे कितपत खरं? आणि रोजचे शब्द पाठ करायचे तरी कसे?

मी पुण्यात जपानी शिकवते आणि कंपन्यांसाठी दुभाष्याचं काम करते. माझं उत्तर थोडक्यात असं: मेनूकार्ड आणि पाट्या वाचण्यापुरतं ते खरं आहे, कानाला आणि तोंडाला त्याचा फारसा उपयोग नाही. काताकानातला शब्द इंग्रजीतून आला असला तरी आता तो जपानी शब्द आहे. त्याचा उच्चार जपानी, अर्थ जपानी, आणि शेजारी बहुतेक वेळा एक अस्सल जपानी शब्द बसलेला. त्या शेजाऱ्यासकट शिकलात तरच तो तुमच्या कामाचा.

(खाली जपानी शब्द देवनागरीत दिले आहेत. जिथे ऽ दिसेल तिथे स्वर एक मात्रा लांबवायचा.)

कोन्बिनि, म्हणजे कोपऱ्यावरचं चोवीस तास उघडं दुकान, तिथूनच सुरुवात करू. तुम्ही एक बेन्तोऽ म्हणजे तयार जेवणाचा डबा आणि चहाची बाटली घेऊन काउंटरवर गेलात. दुकानाचं नाव इंग्रजी, पाट्या काताकानात, सगळं ओळखीचं वाटतंय. पलीकडचा मुलगा भराभर विचारतो, ‘पोइन्तो काऽदो वा ओमोचि देस का?’ पॉइंट कार्ड आहे का? हे एखादे वेळी कळेल. मग ‘आतातामेमास का?’ गरम करू का? ‘ओहाशि वा ओत्सुके शिमास का?’ चॉपस्टिक्स देऊ का? ‘रेजिबुकुरो वा गोरियोऽ देस का?’ पिशवी हवी का? जुलै २०२० पासून प्लॅस्टिकच्या पिशवीचे पैसे पडतात, त्यामुळे हा प्रश्न चुकत नाही. रेजिबुकुरोमधला ‘रेजि’ इंग्रजी रजिस्टरचा, म्हणजे गल्ल्याचा, आणि ‘बुकुरो’ म्हणजे पिशवी. निम्मा शब्द इंग्रजी आहे, पण त्यातून पिशवी कुणाला दिसणार?

उत्तर देताना आणखी एक फसगत होते. ‘दाइजोऽबु देस’चा कोशातला अर्थ ‘ठीक आहे’. आपण ‘चालेल, द्या’ अशा सुरात म्हणतो आणि चॉपस्टिक्स मिळत नाहीत, कारण काउंटरवर त्याचा अर्थ ‘नको, राहू दे’. हवं असेल तर ‘ओनेगाइ शिमास’. जाण्याआधी हे चार प्रश्न आणि ही दोन उत्तरं तोंडात बसली, तर पहिला आठवडा बराच सुसह्य होतो.

आता उच्चार. जपानीत ‘न’ सोडला तर शब्द व्यंजनावर संपत नाही, त्यामुळे उसन्या शब्दातलं प्रत्येक मोकळं व्यंजन स्वर घालून भरतात. बहुतेक ठिकाणी उ, त-द असेल तर ओ, च-ज असेल तर इ. बसचा बासु, मिल्कचा मिरुकु, बेडचा बेद्दो, ऑरेंजचा ओरेन्जि. केकचा केऽकि होतो तो अपवाद, तो तसाच घोकायचा. मॅकडोनाल्डचं मा-कु-दो-ना-रु-दो होतं, सहा सारख्या ठोक्यांत. तेही लांब वाटतं म्हणून तोक्योत ‘माक्कु’ आणि ओसाकात ‘माकुदो’. टाळ्या वाजवत ठोके मोजायची सवय लावून घ्या. वर्गात मोठी माणसं लाजतात, मुलं मजेत करतात, आणि मुलांचे उच्चार लवकर सुधारतात यात नवल नाही.

मराठी माणसाला इथे फायदा आणि तोटा दोन्ही आहेत. फायदा असा की जपानी ‘त्सु’ आपल्या ‘चूल’मधल्या च इतका जवळ आहे की शिकवावा लागत नाही, ‘जागा’मधला ज तसाच. हिंदी भाषक विद्यार्थी याच दोन आवाजांवर अडखळतात. द्वित्तही सोपं, मका आणि मक्का यांत आपला घोळ होत नाही. तोटा मात्र मोठा आहे. ऱ्हस्व-दीर्घ आपण शुद्धलेखनाच्या पेपरात सांभाळतो, बोलण्यात नाही, आणि जपानीत अर्थ तिथेच फिरतो. बिरु म्हणजे इमारत, बिऽरु म्हणजे बिअर. कोपिऽ म्हणजे झेरॉक्स, कोऽहिऽ म्हणजे कॉफी. बागु हा संगणकाच्या प्रोग्राममधला बग, बाग्गु ही खांद्यावरची बॅग. ओबासान म्हणजे काकू-मावशी, ओबाऽसान म्हणजे आजी. शेजारच्या चाळिशीतल्या बाईंना चुकून लांब आ लावून हाक मारलीत तर त्या हसून सोडून देतील, पण लक्षात ठेवतील.

आणि शब्द रोमन लिपीत लिहून पाठ करू नका. रोमन अक्षरं दिसली की इंग्रजी उच्चार आपोआप जिभेवर येतो. देवनागरी बरी, पण तिच्यात ए आणि ओ यांना ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, म्हणून मी ऽ वापरते. तुम्हाला काना, म्हणजे हिरागाना-काताकानाची अक्षरं, येतात, तेव्हा वहीत तीच लिहा. जाता जाता, कानाचा तक्ता आ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा असा ओळखीच्या क्रमाने का जातो असं कुणी विचारलं, तर बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेल्या संस्कृत वर्णमालेकडे बोट दाखवा.

अर्थाची गंमत उच्चारापेक्षा मोठी आहे. इंग्रजी शब्द आपणही उसने घेतले आहेत आणि आपल्या सोयीने वाकवले आहेत. जपान्यांनी तेच केलं, फक्त दुसऱ्या दिशेला. आपण हॉटेलात जेवायला जातो. होतेरु ही फक्त मुक्कामाची जागा. आपला स्टोव्ह रॉकेलचा आणि स्वयंपाकाचा. सुतोऽबु म्हणजे थंडीत खोली गरम करायचं हीटर, आणि स्वयंपाकाच्या शेगडीला कोन्रो. आपला कूलर गवताच्या पडद्याचा. कुऽराऽ म्हणजे एसी. आपल्याला टेन्शन येतं. तिकडे तेन्शोन चढतो, म्हणजे माणूस उत्साहात येतो. ‘तेन्शोन ताकाइ ने’ असं तुम्हाला कुणी म्हणालं तर काळजीचं कारण नाही, तुम्ही खुशीत दिसताय एवढंच. परीक्षेत आपण कॉपी करतो. जपानी पोरं ‘कान्निन्गु’ करतात, इंग्रजीतल्या ‘धूर्त’ या अर्थाच्या कनिंगवरून. तुमची मुलगी शाळेत जाणार आहे, तेव्हा हा शब्द लवकरच घरी येईल.

नवरोबांसाठी एक शब्द वेगळा काढून ठेवा: कुरेऽमु. मूळ इंग्रजी क्लेम. आपल्याकडे क्लेम विम्याचा असतो; तिकडे कुरेऽमु म्हणजे ग्राहकाची तक्रार. पुण्यातल्या आयटीवाल्यांना मी हे आवर्जून सांगते. ‘क्लेम आलाय’ असं ऐकून पैशांची बोलणी करायला बसलेली मंडळी मी पाहिली आहेत, आणि समोरचा बिचारा माफीची वाट बघत असतो.

घर शोधताना मान्शोन आणि आपाऽतो हे दोन शब्द रोज लागतील. मान्शोन म्हणजे हवेली नव्हे, काँक्रीटच्या इमारतीतला साधा फ्लॅट. आपाऽतो बहुधा दोन मजली, लाकडी किंवा हलक्या पोलादी सांगाड्याची इमारत. भाडं, आवाज, थंडी, सगळं त्यावर ठरतं. भिंतीतल्या प्लग पॉइंटला कोन्सेन्तो म्हणतात, संमतीशी त्याचा काही संबंध नाही. दुकानदार ‘साऽबिसु देस’ म्हणाला तर ती वस्तू फुकट दिली, आभार माना. आणि हॉटेलच्या पाटीवर ‘बाइकिन्गु’ दिसलं तर ते बुफे. १९५८ साली तोक्योच्या इम्पीरियल हॉटेलने स्कँडिनेव्हियन धर्तीचं असं जेवण सुरू केलं, त्याला व्हायकिंग लुटारूंचं नाव दिलं, आणि ते साऱ्या देशाने उचललं.

असे शब्द कोशातून शिकू नका. काताकानात शब्द टाइप करा आणि चित्रं शोधा. मान्शोन टाकलंत की उंच इमारती दिसतील, सुतोऽबु टाकलंत की हीटर. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि चित्र पाहिलेला शब्द पुन्हा इंग्रजी अर्थाकडे घसरत नाही. दुसरं काही केलं नाहीत तरी एवढं करा.

काताकानात लिहिलंय म्हणजे इंग्रजीच, हेही मनातून काढा. आरुबाइतो, म्हणजे विद्यार्थी करतात ती अर्धवेळ नोकरी, हा शब्द जर्मन आहे. आन्केऽतो, कुठलीही सेवा घेतल्यावर हातात येणारा अभिप्रायाचा कागद, फ्रेंच. बिऽरु डच. पावाला जपानीत ‘पान’ म्हणतात, आणि तो शब्द आपल्या पावासारखाच पोर्तुगीज ‘पांव’वरून आला. पोर्तुगीज १५४३ साली जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले, तेव्हा गोवा तेहतीस वर्षं त्यांच्या ताब्यात होतं. काही शब्द तर आपल्याकडूनच इंग्रजीमार्गे तिकडे पोचले आहेत: पाजामा हा आपला पायजमा, शान्पुऽ ही आपली चंपी. आणि ‘गोमि’, म्हणजे कचरा, बऱ्याचदा काताकानात दिसतो, पण तो अस्सल जपानी आहे.

कचऱ्यावरून शेजारी शब्दांकडे येते. जपानीत शब्दांचे तीन थर आहेत: मूळचे जपानी, चिनी वळणाचे कान्जि-शब्द (कान्जि म्हणजे चिनीतून घेतलेली चित्राक्षरं), आणि बाहेरून आलेले काताकाना शब्द. आपण तद्भव, तत्सम आणि परकीय म्हणतो तसंच काहीसं. एकाच गोष्टीला तिन्ही थरांत शब्द असतो आणि तिघांची जागा वेगळी असते. यादो, र्योकान, होतेरु, तिन्ही मुक्कामाच्या जागा. पण र्योकानमध्ये तातामि चटईवर गादी घालून झोपाल आणि होतेरुमध्ये पलंगावर. वाडग्यात वाढला की भात गोहान, ताटलीत काट्या-चमच्याबरोबर आला की राइसु. प्यायच्या दुधाला ग्युऽन्युऽ; कॉफीत घालायचं किंवा बाळाच्या पावडरचं ते मिरुकु. रेल्वेचं कागदी तिकीट किप्पु, गाण्याच्या कार्यक्रमाचं चिकेत्तो. जेवणाच्या टेबलावरची सुरी नाइफु, पण ओट्यावरची होऽचोऽ. ओट्यावरच्या सुरीला नाइफु म्हटलंत तर समोरच्याला कळेल, तरी कानाला खटकेल.

नागोयात कचऱ्याचे शब्द तर ताबडतोब लागतात. कचरा टाकायला जागा उरेना म्हणून या शहराने १९९९ साली चक्क कचरा-आणीबाणी जाहीर केली होती, आणि तेव्हापासून वर्गीकरणाच्या बाबतीत ते कडक आहे. तिथल्या पिशवीवर छापलेला शब्द ‘कानेन’, जळणारा. शेजारीण मात्र बोलताना ‘मोएरु गोमि’ म्हणेल. एकच कचरा. छापील आणि बोलका, दोन्ही शब्द एकाच ओळीत लिहून ठेवा. शिवाय सोदाइ गोमि, म्हणजे मोठ्या आकाराचा कचरा, जो आधी नोंद करून, पैसे भरून मगच बाहेर ठेवता येतो.

घरातल्या उपकरणांची नावं बरीचशी कान्जि थरातली आहेत, आणि इथे ‘इंग्रजीच तर आहे’ हा हिशोब पार कोसळतो. कपडे धुण्याचं यंत्र सेन्ताकुकि, व्हॅक्यूम क्लीनर सोऽजिकि, भाताचा कुकर सुइहान्कि, फ्रिज रेइज़ोऽको. पहिल्या तिन्हींच्या शेवटी ऐकू येणारा ‘कि’ म्हणजे यंत्र किंवा उपकरण (कान्जि दोन वेगळ्या आहेत, आवाज एकच). ‘देन’ म्हणजे वीज: देन्वा फोन, देन्शा लोकल गाडी, देन्चि सेल, देन्कि दिवा. असे तुकडे हाती लागले की शब्द सुटा पाठ करावा लागत नाही. आपल्याकडे दूरध्वनी सरकारी कागदावर राहिला आणि बोलण्यात फोन जिंकला. जपानमध्ये देन्वा जिंकला. टेलिव्हिजनच्या बाबतीत मात्र ते हरले आणि तेरेबि आला. कुठला शब्द कुठल्या थरातून येईल याला पक्का नियम नाही, म्हणून अंदाजाने इंग्रजी शब्द जपानी सुरात म्हणून पाहणं हा जुगार आहे. अडलं तर खेळा, पण त्यावर संसार चालवू नका.

एका बाबतीत मात्र मराठी माणसाला पंक्तीत आधी वाढलेलं आहे, ते म्हणजे क्रियापदं. परका शब्द घेऊन त्याला ‘सुरु’ म्हणजे ‘करणे’ जोडायचं: क्यान्सेरु सुरु, चेक्कु सुरु, कोपिऽ सुरु. आपण कॅन्सल करतो, चेक करतो, अगदी तसंच. क्रियापद वाक्याच्या शेवटी, ‘ला’ आणि ‘त’ नामाच्या मागे, हेही आपल्यासारखंच. मायक्रोवेव्हमध्ये गरम करण्याला घरगुती बोलीत ‘चिन सुरु’ म्हणतात, यंत्र थांबताना चिन् वाजतं म्हणून. त्यामुळे माझा आग्रह असा की जपानीचे अर्थ वहीत मराठीत लिहा. इंग्रजी मधे आणू नका. ‘त्सुकेरु’ घ्या. इंग्रजीतून शिकाल तर चार वेगळे अर्थ पाठ करावे लागतील. मराठीत एकच शब्द पुरतो, लावणे: दिवा लावणे, टीव्ही लावणे, एसी लावणे. वर काउंटरवर आलेलं ‘ओत्सुके शिमास का’ हे त्याचंच अदबीचं रूप, चॉपस्टिक्स सोबत लावून देऊ का. कपड्यांचंही तसंच. जपानीत सदरा किरु, पँट-बूट हाकु, टोपी काबुरु, चष्मा काकेरु. साडी नेसणाऱ्या आणि चष्मा लावणाऱ्या भाषेला यात परकं वाटण्यासारखं काही नाही.

घरभर चिठ्ठ्या चिकटवायचा सल्ला सगळेच देतात. चिकटवा, पण नुसतं नाव लिहू नका. फ्रिजवर ‘रेइज़ोऽको नि इरेरु’, फ्रिजमध्ये ठेवणे. कचऱ्याच्या डब्यावर ‘गोमि ओ दासु’, कचरा बाहेर काढणे. इरेरु, दासु, त्सुकेरु आणि केसु (दिवा-टीव्ही बंद करणे) ही चार क्रियापदं एवढ्या ठिकाणी लागतात की आधी तीच पक्की करा, नामं त्यांच्या मागे येतात. किती शब्द हवेत याचा फार विचार करू नका. जेएलपीटी परीक्षेची अधिकृत शब्दयादी २०१० पासून निघतच नाही. त्याआधी सगळ्यात खालच्या पातळीला साधारण ८०० शब्द धरत. तेवढे नीट ऐकू आले आणि वेळेवर तोंडातून निघाले तर घर चालतं. मोजायला हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु असं दहापर्यंत येऊ द्या. काड्या, कागद, मांजरं मोजायचे निरनिराळे प्रत्यय तिथे गेल्यावर कानावर पडत राहतील.

काताकाना शब्दांचा कंटाळा आला तर तुम्ही एकट्या नाही. २०१३ साली एका ज्येष्ठ नागरिकाने एनएचके या सार्वजनिक वाहिनीवर दावा लावला होता, कार्यक्रमांत परके शब्द इतके की मनस्ताप होतो म्हणून. दावा फेटाळला गेला. उलट बाजूने पाहा: १९९५ च्या कोबे भूकंपात परदेशी लोकांना सूचना कळल्या नाहीत, त्यातून पुढे हिरोसाकी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी ‘यासाशिइ निहोन्गो’, सोपी जपानी, हा प्रकार बांधला. त्यात लिहिणाऱ्यांना सूचना आहे की काताकाना शब्द जपून वापरा, परदेशी माणसाला ते कळत नाहीत.

शेवटी आजारपण. मूल बरोबर आहे म्हणून हे सांगतेच. जपानी डॉक्टर ‘कसं दुखतंय’ विचारतात आणि उत्तर ध्वनीच्या शब्दांत अपेक्षित असतं. ज़ुकिज़ुकि म्हणजे ठणकतंय, चिकुचिकु म्हणजे टोचतंय, हिरिहिरि म्हणजे चुरचुरतंय, मुकामुका म्हणजे मळमळतंय, गान्गान म्हणजे डोक्यात घण पडताहेत. इंग्रजी माध्यमातून जपानी शिकणाऱ्यांना ही यादी अवघड जाते. ठसठस आणि चुरचुर यांतला फरक आईकडून शिकलेल्या माणसाला नाही. मुलीबरोबर अभिनय करून पाठ करा, एका संध्याकाळचा खेळ आहे. आणि ११९ हा आग आणि रुग्णवाहिकेचा एकच क्रमांक आहे. फोन उचलल्याबरोबर पलीकडून विचारतात, ‘काजि देस का, क्युऽक्युऽ देस का?’ आग आहे की रुग्णवाहिका हवी? यात इंग्रजी एक अक्षर नाही. ‘क्युऽक्युऽ देस’ आणि त्यापाठोपाठ आपला पत्ता, एवढं विमानात बसायच्या आधी घरातल्या तिघांनाही न अडखळता म्हणता आलं पाहिजे.